फोन रीसेट झाला, पण ट्रे कुणी उघडलाच नाही

हे प्रकरण मागच्या दिवाळीच्या आधीचं, एका काकूंचा जुना फोन विकायच्या आधी पुसून देण्याचं. ज्यांचा फोन होता त्या काकूंना विचारूनच लिहितोय, फक्त गाव आणि नावं देत नाही, कारण गाव लहान आहे आणि एक खूण दिली की बाकीचं लोक आपापलं जुळवतात. मी साताऱ्याकडे मोबाईल रिपेरिंगचं काउंटर चालवतो, नऊ वर्षं झाली. फोल्डर म्हणजे डिस्प्ले बदलणं, चार्जिंग जॅक, सॉफ्टवेअर, जुने सेट घेणं आणि विकणं, सगळं करतो. म्हणजे यात जी मुख्य चूक झाली ती ज्याच्याकडून अजिबात व्हायला नको अशाच माणसाकडून झाली, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

काकू ५७ वर्षांच्या, आमच्याच आळीतल्या. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, आणि आळीतल्या बावीस बायकांची भिशी पण त्यांच्याकडेच. फोन २०२० मध्ये घेतलेला, सॅमसंगचा, ६४ जीबी, अँड्रॉइड १० वर आलेला, मग दोनतीनदा अपडेट झालेला. स्क्रीनला कोपऱ्यात तडा, बॅटरी दुपारपर्यंत, बाकी सेट ठणठणीत. लॉक म्हणून इंग्रजी एल आकाराचा पॅटर्न, जो आळीतल्या प्रत्येक पोराला माहीत.

आता अशा फोनमध्ये असं काय असणार, असं काकूंना स्वतःलाच वाटत होतं. "माझ्या फोनात काय आहे रे, गळ्यांच्या डिझाइनी आणि देवाचे फोटो." मी म्हटलं बसू आपण आणि बघू. तर निघालं ते असं: गळ्यांच्या डिझाइनी होत्याच, पण सोबत गिऱ्हाईक बायकांचे फिटिंगचे फोटो, पाठीचा गळा कुठे ओढतोय ते दाखवायला पाठमोरे काढलेले. मापांच्या वहीची पानं, नावासकट. भिशीचं रजिस्टर. डाउनलोडमध्ये काकूंची आणि काकांची आधारची पीडीएफ. त्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल, आणि ज्याच्या हातात फोन आहे त्याला ह्या दोन्ही गोष्टी वाढदिवसाच्या शुभेच्छांमधूनच कळतात.

आणि सगळ्यात मोठं मला काकूंनी बोलता बोलता सांगितलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले तेव्हा ज्या बायकांकडे स्मार्टफोन नव्हता किंवा जमत नव्हतं त्यांचे फॉर्म काकूंच्या मुलीने याच फोनवरून नारी शक्ती दूत ॲपमध्ये भरून दिले होते. चौदा जणींचे. म्हणजे चौदा जणींचं आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, आणि प्रत्येकीचा फोटो, सगळे याच फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले.

मी ते ऐकलं, मान डोलावली आणि पुढे गेलो. ते फोटो मला फोनमध्ये कुठे दिसले नव्हते, आणि "मग ते गेले कुठे?" हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. त्यावर नंतर येतो.

अडचण कशी सुरू झाली

मुलगा पुण्याला असतो. गणपतीला आला तेव्हा नवा फोन घेऊन आला, जुन्यातून सिम काढून नव्यात टाकलं, व्हॉट्सॲप हलवलं, गूगल अकाउंट तेच टाकलं, यूपीआय चालू करून दिलं आणि अर्ध्या तासात एसटी पकडून गेला. दुसऱ्या दिवशी भिशीचे आठ हजार एकीला पाठवायचे होते तर नव्या फोनवर पहिले २४ तास पाच हजारांच्या वर जाईना, त्यावरून काकू मुलाला फोनवर जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

जुना फोन कपाटात गेला. मग मागच्या आळीतल्या एका पोराने, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, साडेचार हजारांत मागितला. एक्स्चेंजमध्ये २३०० सांगत होते, त्यामुळे काकू खूश. भाचीने फोनवर सल्ला दिला की विकायच्या आधी फोटो डिलीट कर मामी, नाहीतर लोक काय काय करतात. काकूंनी सल्ला मनावर घेतला. तीन रात्री, सिरियल बघत बघत, जुना फोन वायफायवर ठेवून, गूगल फोटोज उघडून त्यांनी एकेक फोटो निवडून पुसला.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या काउंटरवर. हातात दोन्ही फोन.

"अरे मी जुन्यातले पुसले, नव्यातले कसे गेले? नातवाच्या बारशाचा एक पण नाही!"

ज्यांना हे माहीत आहे त्यांना सोपं वाटेल, पण माझ्याकडे महिन्याला असं एक तरी येतंच. दोन्ही फोनवर एकच अकाउंट आहे आणि फोटो गूगलवर चढलेले आहेत, तर तुम्ही जे पुसता ते फोनमधलं नसतं, अकाउंटमधलं असतं. नव्या फोनला जे दिसत होतं ते पण तेच. एकच विहीर, दोन पोहरे. कॉन्टॅक्टचं पण तसंच. काकूंनी जुन्या फोनमधले "नको असलेले" साठएक नंबर उडवले होते, ते नव्यातूनही गेले, त्यात गॅसवाल्याचा नंबर होता.

म्हणजे चोर यायच्या आधीच घरातल्यांनी घर धुऊन काढलं. फोन अजून विकलेला नाही, विकत घेणारा पोरगा संध्याकाळी येणार म्हणून सांगून बसलाय, आणि त्याच्या आईने काकूंना दोन हजार ॲडव्हान्स पण दिलेत.

कोणकोणते पर्याय होते

पहिला काकूंचाच. फोटो पुसून झालेत, आता ॲपं काढून टाकू आणि देऊन टाकू. याला मी सरळ नाही म्हटलं. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू झालं की जुन्यावर ते बंद पडतं, पण आलेले फोटो, व्हॉइस मेसेज, पीडीएफ फोल्डरमध्ये तशाच पडून असतात. एसएमएस तर असतातच, बँकेचे बॅलन्स सकट. हाताने साफ करणं म्हणजे झाडू मारून घर रिकामं झालं म्हणणं.

दुसरा पर्याय पोराचा होता. तो फोनवरून म्हणाला, "दादा तुम्ही कशाला त्रास घेता, पॉवर आणि व्हॉल्यूम दाबून मी हार्ड रीसेट मारतो." हे तर आणखी नको. गूगल अकाउंट आत असताना बाहेरून, म्हणजे रिकव्हरीतून रीसेट मारला की फोन चालू झाल्यावर आधीचं अकाउंट मागतो. एफआरपी, म्हणजे फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शनचा लॉक. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून हे आहे आणि चोरीच्या फोनसाठी चांगलंच आहे, पण प्रामाणिक व्यवहारात मग घेणारा दुकानदुकान फिरतो, कुणीतरी तीनशे-पाचशे घेऊन ते तोडून देतो, आणि विकणाऱ्याला चार शिव्या पडतात. आयफोनवाल्यांचं पण तेच, तिथे हरवलेला फोन शोधायचं फाइंड माय बंद न करता दिला तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो आणि तो सेट घेणाऱ्याच्या काहीच कामाचा राहत नाही.

तिसरा, आधी अकाउंट काढायचं, मग सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट. हाच नेहमीचा रस्ता.

चौथा पर्याय काकांनी काढला, त्यांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला होता: रीसेट मारा, मग मेमरी फुल होईपर्यंत छताचा व्हिडिओ शूट करा, परत रीसेट, असं तीनदा. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, याला कारण होतं. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २१ जुने अँड्रॉइड फोन घेऊन तपासले होते, अँड्रॉइड २.३ ते ४.३ वाले, आणि रीसेट मारलेल्या फोनमधूनही त्यांना मेसेज, फोटो, अगदी गूगलचं लॉगिन चालू करता येईल असा टोकन मिळाला होता. कारण त्या काळच्या फोनमध्ये डेटा उघडाच लिहिलेला असायचा आणि रीसेट फक्त अनुक्रमणिका फाडायचा, पानं आत तशीच. पण अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनला आतली मेमरी एन्क्रिप्ट असणं बंधनकारक होतं. म्हणजे सगळं कुलुपात लिहिलेलं असतं आणि रीसेट मारला की फोन ती किल्लीच नष्ट करतो. मग आत जे उरतं त्यातून कुणाला काही वाचता येत नाही. काकूंच्या सेटला छताचे व्हिडिओ काढायची काही गरज नव्हती. तुमच्याकडे दहा वर्षं जुना सेट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी आधी सेटिंगमधून एन्क्रिप्शन चालू करून मग रीसेट मारतो.

पाचवा, विकायचाच नाही. काकूंचा राग एवढा होता की त्या म्हणाल्या वरवंट्याने फोडते. ते कृपा करून कुणी करू नका, लिथियमची बॅटरी आहे, टोचली-चेपली की पेट घेते. माझ्या टेबलावर एकदा फुगलेली बॅटरी काढताना धूर निघालाय, तेव्हापासून वाळूचा डबा पायाशी असतो. घरात सीसीटीव्ही म्हणून लावायचा असंही एक निघालं, पण ॲडव्हान्स घेऊन झाला होता आणि शब्द दिला होता.

तिसरा पर्याय ठरला. पण त्याच्या आधी काय काय करायचं यावरच सगळा वेळ गेला, खरं रीसेट म्हणजे पाच मिनिटांचं काम.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी पुसलेलं परत आणलं. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, बॅकअप नसलेले ३० दिवस. काकूंना पुसून चारच दिवस झाले होते, त्यामुळे बारसं परत आलं, आणि काउंटरवर डोळ्यात पाणी पण. कॉन्टॅक्ट गूगलच्या कॉन्टॅक्ट साइटवरून आठ दिवसांपूर्वीच्या स्थितीला नेले, तिथे ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. गॅसवाला सापडला.

पण २०२३ च्या मध्यापासून पुढचे कॅमेऱ्याचे फोटो कुठेच नव्हते. ट्रॅशमध्ये नाहीत, गूगलवर नाहीत, फोनमध्ये नाहीत. बघितलं तर अकाउंटची १५ जीबी जागा फुल, लाल पट्टी. १ जून २०२१ पासून गूगल फोटोज या १५ जीबीमध्येच मोजायला लागलं, त्यामुळे काकूंचा बॅकअप कधीतरी २०२३ मध्ये गपचूप थांबलेला. मग त्याच्या पुढचे फोटो फोनमध्येच असायला हवेत, आणि तिथेही नाहीत, म्हणजे काकूंनी पुसताना कायमचे गेले. असा मी निष्कर्ष काढला. काकूंनी पण मान्य केला, कारण त्यांना पुसल्याचं आठवतच होतं. पहिला निर्णयाचा क्षण तो होता आणि तिथे मी चुकलो. हिशोब जुळत नव्हता, ६४ जीबीच्या फोनमध्ये निम्मी मेमरी रिकामी होती आणि ट्रॅशमध्ये नव्या तारखांचा एकही कॅमेरा फोटो नव्हता, पण माझ्यापुढे चार गिऱ्हाईकं उभी होती आणि "काकूंनी पुसले" हे उत्तर सगळ्यांना पटणारं होतं.

पुढे पासवर्ड. काकूंना गूगलचा पासवर्ड माहीत नव्हता, फोन घेतला तेव्हा दुकानात एका पोराने अकाउंट काढून दिलं होतं. रिकव्हरी ईमेल बघितला तर भलताच, काकूंनी कधी ऐकलेला पण नाही. आपल्याकडे हे किती जणांचं असेल देव जाणे. तो काढला, मुलाचा टाकला, फोनच्या लॉकवरून ओळख पटवून पासवर्ड नवा केला, तो काकूंनी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला (नको म्हटलं तरी). हे रीसेटच्या आधी का, तर काही बिनसलं आणि फोनने अकाउंट मागितलंच तर हातात पासवर्ड पाहिजे. पासवर्ड माहीत नसताना फोन पुसणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली आत टाकणं.

आणि इथेच एक दिवस गेला. गूगलच सांगतं की पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फॅक्टरी रीसेट करायच्या आधी २४ तास थांबा. पोराला उद्या ये म्हटलं.

"पासवर्ड बदलला म्हणून एक दिवस थांबायचं? तलाठी ऑफिस आहे का ते?" काकू.

तो दिवस वाया गेला नाही. केबल लावून आतलं सगळं लॅपटॉपवर घेतलं, कॅमेरा, व्हॉट्सॲपचं फोल्डर, डाउनलोड. घेताना रेकॉर्डिंगचं एक फोल्डर दिसलं, त्यात अकराशेच्या वर फाइली. मुलाने कधीतरी ऑटो कॉल रेकॉर्डिंग चालू करून दिलं होतं, बँकेवाल्यांचे खोटे फोन येतात म्हणून, आणि विसरला. पाच वर्षांत काकू ज्यांच्याशी बोलल्या त्यातलं बहुतेक सगळं आत. त्या एक मिनिट गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे जावेबद्दल बोललेलं पण?" ते फोल्डर लॅपटॉपवर घ्यायचं नाही असं ठरलं.

घ्यायचं काय आणि नाही काय, यावर खरं तर चांगलाच विचार करावा लागला. मी सगळंच कॉपी करून पेन ड्राइव्हवर देणार होतो, तेच सोपं. काकू म्हणाल्या फिटिंगचे फोटो नको, ब्लाउज शिवून झाला, ती बाई घालून फिरतेय, आता तो फोटो ठेवून काय करायचाय. मापांची पानं मात्र हवीत. फोन ज्याचा, आतला सगळा डेटा त्याचा, असा माझ्या डोक्यातला हिशोब होता, त्यांनी तो एका वाक्यात मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी: व्हॉट्सॲप वेब कुठे जोडलंय का ते बघितलं. सेटिंगमधून गूगल अकाउंट काढलं, सॅमसंगचं अकाउंट वेगळं असतं ते पण साइन आउट केलं. अकाउंट आधी काढायचं आणि मग पुसायचं, कारण अकाउंट काढल्यावर तुम्ही काहीही पुसलं तरी नव्या फोनला त्याचा धक्का नाही. काकूंनी उलटं केलं म्हणून तर सगळं रामायण. चार्जर लावला, जनरल मॅनेजमेंट, रीसेट, फॅक्टरी डेटा रीसेट, पॅटर्न टाकला, डिलीट ऑल. चहा येईपर्यंत वेलकमची स्क्रीन आली. तिथून पुढे वायफाय जोडून बघितलं, आधीचं अकाउंट मागत नाही याची खात्री केली आणि परत बंद केला. नव्या फोनवरून गूगल अकाउंटमध्ये जाऊन डिव्हाइसच्या यादीत जुना सेट राहिलाय का तेही बघितलं.

संध्याकाळी पोरगा आला. स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर दाखवला, तो बॉक्सवरच्याशी जुळवला, त्याने केवायएम आणि पुढे तो नंबर लिहून १४४२२ ला एसएमएस पाठवून चेक केला (हे आजकालच्या पोरांना माहीत असतं, बरं वाटतं). एका कागदावर तारीख, रक्कम, आयएमईआय, दोघांच्या सह्या. उरलेले अडीच हजार दिले. मी काकूंना म्हटलं आता निवांत झोपा, यातून कुणाला काही मिळत नाही.

काय निघालं

रात्री साडेनऊला त्या पोराचा फोन.

"दादा, गॅलरीत फोटो आलेत. काकूंचे. खूप आहेत."

मी म्हटलं शक्यच नाही. तो म्हणाला तुम्ही येऊन बघा, आईने फोन हातातून काढून घेतलाय.

गेलो. त्याच्या आईने फोन उपडा करून टेबलावर ठेवला होता, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यात माझ्या थोरल्या जावेचं पासबुक आहे." दुसरं काही बोलली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

झालं होतं असं. मुलाने गणपतीत सिम काढलं तेव्हा ट्रे परत ढकलताना मेमरी कार्ड खाचेतून जरासं सरकलं, ट्रे पूर्ण बसला नाही आणि कार्डाचा कॉन्टॅक्ट सुटला. फोनने तेव्हा कार्ड निघाल्याचं नोटिफिकेशन दिलं असणार. काकूंना नंतर आठवलं, "मेमरीचं काहीतरी आलं होतं, मी सरकवून टाकलं." त्या दिवसापासून फोनच्या लेखी कार्ड अस्तित्वातच नव्हतं. म्हणून काकूंना ते फोटो दिसले नाहीत आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, म्हणून माझ्या लॅपटॉपला कार्ड दिसलं नाही, म्हणून माझा हिशोब जुळला नाही. पोराने आपलं सिम टाकायला ट्रे बाहेर काढला, कार्ड नीट बसवलं, ट्रे दाबला, आणि नव्या कोऱ्या रीसेट फोनने कार्ड वाचून गॅलरी भरून टाकली. २०२३ ते २०२५. चौदा जणींची आधार, पासबुकं, फिटिंगचे पाठमोरे फोटो.

फॅक्टरी रीसेट हा फोनच्या आतल्या मेमरीचा असतो. कार्ड वेगळं, आणि कार्डावरचा डेटा आपण मुद्दाम एन्क्रिप्ट केला नसेल तर उघडाच असतो, कुठल्याही कार्ड रीडरला वाचता येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मी रोज लोकांना सांगतो! पण फोनमध्ये सिम नव्हतं आणि सिम नाही म्हणजे ट्रे रिकामा, असं डोक्याने परस्पर ठरवलं. दिवसाला दहा सेटचे ट्रे काढणारा माणूस मी, आणि हा एक नाही काढला.

पोरगा चांगला निघाला म्हणून निभावलं. कार्ड लगेच काढून दिलं, मी त्याच्यासमोर गॅलरी बघितली, फाइल मॅनेजर बघितलं, त्याने तोपर्यंत आपलं गूगल अकाउंट टाकलेलं होतं म्हणून त्याचा फोटो बॅकअप चालू झालाय का तेही बघितलं. झाला नव्हता, त्याने बॅकअप नंतर करू म्हणून सोडून दिलेला. तो चालू असता तर चौदा जणींची कागदपत्रं त्याच्या अकाउंटवर चढून बसली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता, त्यालाही नाही.

काकूंना रात्रीच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या बाईकडे स्वतः जाऊन माफी मागितली, आणि भिशीच्या दिवशी बाकीच्यांनाही सांगून टाकलं की तुमचे कागद माझ्या फोनात राहिले होते, एका घरात दोन तास होते, आता पुसलेत. मी म्हटलं होतं कशाला सांगताय, कुणाला कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना नाही कळलं, मला कळलंय ना." दोघींनी मापं दुसरीकडे टाकायला सुरुवात केली, एक परत आली, एक नाही आली.

कार्डाचं पुढे काय, यावर पण एक चर्चा झाली. नातवाचे दोन वर्षांचे फोटो त्यातच होते, जे गेले म्हणून आम्ही सोडून दिले होते, ते काढून घेतले. मग काकू म्हणाल्या फॉरमॅट करून नव्या फोनात टाक, चारशे रुपयांचं कार्ड आहे. फॉरमॅट केलं आणि त्यांच्यासमोर लॅपटॉपला लावून फोटोरेक चालवलं, पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. दहा मिनिटांत एका बाईचा निळ्या ब्लाउजमधला पाठमोरा फोटो स्क्रीनवर परत आला. काकूंनी पक्कड मागितली. चार तुकडे केले.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाच्या अर्ध्या तासाबद्दल मला फार बोलायचं नाही, पोरं येतात, फोन लावून देतात, जातात. पण जुना फोन तेव्हाच समोर बसून बंद करायला हवा होता. जवळपास दोन महिने एकच अकाउंट दोन फोनवर चालू राहिलं आणि त्यातला एक कपाटात, हे काकूंच्या तीन रात्रींच्या मूळाशी आहे. भाचीचा सल्लाही तसा चूक नव्हता, अर्धा होता.

माझं बघायचं तर ट्रे हा पहिला, चहाच्या पण आधी. हे उघड आहे, ते सोडा. जास्त टोचतं ते दुसरं. काकूंनी मला लाडकी बहीणच्या चौदा फॉर्मचं तोंडाने सांगितलं होतं आणि ते फोटो मला सापडत नव्हते. ज्या डेटाची भीती आहे तो सापडत नसेल तर पुढे जायचं नाही, आधी तो शोधायचा. मी मात्र सापडला नाही म्हणजे नाहीच आहे असं धरलं, कारण तेवढं काम कमी. आता काउंटरवर जुना सेट विकायला आला की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, यात दुसऱ्यांचं काय काय आहे? लोक थांबतात. स्वतःचं लगेच सांगतात, दुसऱ्यांचं आठवायला वेळ लागतो. कुणी सोसायटीचा सेक्रेटरी असतो, कुणी क्लास घेतं, परवा एक आशाताई आल्या होत्या, त्यांच्या फोनमध्ये तर अर्धा वॉर्ड होता.

२४ तास थांबायचा निर्णय बरोबर होता असं अजून वाटतं, जरी पोराची चुळबुळ झाली. विकायचा की नाही याबद्दल मात्र माझंच मत हललंय. साडेचार हजारांत एवढं सगळं करायचं का, असं काका म्हणतात, आणि माझी अर्ध्या दिवसाची मजुरी धरली तर एक्स्चेंजचे २३०० पण वेगळे नाहीत. पण एक्स्चेंजला दिला असता तर ते कार्ड ट्रेमधून कुठल्या लॉटमध्ये, कुठल्या गावाला गेलं असतं आणि साडेनऊला मला कुणी फोन केला असता का?

काकू आता मापं परत वहीत लिहितात, फिटिंगचा फोटो बाईच्याच फोनवर काढतात. नव्या फोनला मी सहा आकडी पिन टाकून दिलाय. त्यांनी तो लगेच बदलून नातवाची जन्मतारीख ठेवली, आणि पिन सोपा आहे, लक्षात राहतो, असं त्या भिशीत सगळ्यांना सांगून आल्या.